गड्ड्यातलं जहाज

सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आम्हा सोलापूरकरांचा समुद्राशी अधिकृत संबंध तेवढाच. गाव साडेचारशे मीटर उंचावर, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि तरीही मामा गेली सहा वर्षं दर रविवारी फोन करून विचारतात, "काय बे, लागलं का तारू किनाऱ्याला?"

तारू म्हणजे मी. वय चौतीस, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. किनारा म्हणजे हो म्हणेल ती.

मामांनी समुद्र पाहिलाय एकदाच, गणपतीपुळ्याला, तोही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पण स्थळाचा विषय निघाला की त्यांच्या अंगात तांडेल संचारतो. "वारं बघून शीड उभारावं." "आता नांगर टाकायचं वय झालं बे." शेवटी वैतागून मीच दर्यावर्दींबद्दल वाचायला घेतलं. म्हटलं, उलटं बोलायला तरी येईल.

वाचल्यावर मात्र ही माणसं सख्ख्या भावासारखी वाटायला लागली. 1488 साली दियाश नावाच्या पोर्तुगिजानं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला. वादळानं त्याचे असे हाल केले की त्यानं त्या जागेला 'वादळांचं भूशिर' म्हटलं. पुढं राजानं ते नाव खोडून 'केप ऑफ गुड होप' केलं, असं सांगतात. पुन्हा कुणी तिकडं फिरकायला हवं ना! आईनं माझा बायोडाटा याच धोरणानं लिहिलाय. 'स्वभाव : शांत, मनमिळाऊ.' वाचून मलाच त्या मुलाला भेटावंसं वाटतं.

आणि कोलंबस! 1492 मध्ये भलत्याच बेटावर उतरला आणि भारताच्या दारात आलो म्हणून खूश झाला. लोक हसतात त्याला. मी नाही हसत. जुळे सोलापुरात सगळे बंगले एकसारखे. मी एका बंगल्यात गेलो, स्वागत झालं, पोहे आले. दुसरी प्लेट संपवून मी लाजत विचारलं, "मुलगी काय करते?" बाई म्हणाल्या, "तिसरीत आहे. गणितात जरा कच्ची आहे, सर." मला पाहायचं होतं ते घर एक गल्ली सोडून होतं. तिथं मी पोहे नको म्हटले, तर मुलीच्या आत्यानं ते मनाला लावून घेतलं.

जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींत मोजतात. पूर्वी खलाशी गाठी मारलेला दोर पाण्यात सोडायचे आणि ठरावीक वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे. आमच्या घरात माझा वेगही गाठीतच मोजला जातो. सहा वर्षांत शून्य.

त्यात जानेवारी आला की जास्तच लागतं. सिद्धेश्वरांची यात्रा, आमच्या भाषेत गड्डा. कुंभारकन्येचं मन सिद्धरामेश्वरांवर बसलं, पण ते पडले योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, अशी कथा आहे. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर हा अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच नंदीध्वज, आणि हजारो हातांतून एकदम उडणाऱ्या अक्षता. मीही दरवर्षी टाकतो. आई शेजारी उभी राहून काही बोलत नाही. नुसती माझ्याकडं बघते, मग योगदंडाकडं बघते.

यंदा एक मुलगी आपण होऊन म्हणाली, "हॉटेलात नको, गड्ड्यात भेटू." बँकेत नोकरी, बोलणं थेट. बोलता बोलता मी दियाश काढला, कोलंबस काढला, पोह्यांचं तेवढं गाळलं. ती म्हणाली, "एवढी आवड आहे, तर चला की!" आणि बोट दाखवलं होम मैदानावरच्या त्या अजस्र जहाजाकडं. सोलापुरातलं एकमेव जहाज. पुढं जातं, मागं येतं, कुठंच पोचत नाही. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

बसलो. शेवटच्या रांगेत, तिच्याच आग्रहानं. तिसऱ्या झोक्याला पोटातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वेगवेगळ्या दिशांना निघाली. कान म्हणतो आपण पडतोय, डोळे म्हणतात समोरचा दांडा तर जागेवरच आहे, आणि या भांडणात पोट मरतं. अशा वेळी क्षितिजावर नजर ठेवावी, असं मी वाचलं होतं. होम मैदानात क्षितिज कुठलं? भज्यांचा स्टॉल दिसला, आणि तो बघण्यात चूक झाली. नेल्सनसारख्या आरमारी सेनापतीलाही बोट लागायची म्हणतात. पण त्याच्या शेजारी हात वर करून ओरडणारी बँकेतली मुलगी नव्हती.

पुढचं सांगत नाही. तिची ओढणी वाचली, एवढंच.

खाली आल्यावर मी मैदानाच्या कडेला उकिडवा बसलो. ती लिंबू सोडा घेऊन आली. मी घोट घेईपर्यंत ग्लास तिनंच धरला होता, कारण माझा हात थरथरत होता. तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता.

"काय बे, काय झालं?"

"बोट लागली, मामा," मी कसंबसं म्हणालो.

पलीकडं क्षणभर शांतता. मग मामांचा आवाज, फोनपासून लांब, घरभर घुमणारा : "लागली म्हणतोय! लागली! अगं, पेढे आण!"

मी ते निस्तरायला तोंड उघडलं, तर तिनं ग्लास परत माझ्या ओठाला लावला.