चूक कोणाच्याही हातून होईल. पुढच्या तासाचे काय?

नमस्कार. चेहऱ्यावरील फिलरच्या, म्हणजे चेहरा उठावदार दिसावा म्हणून त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या जेलच्या, दुष्परिणामांविषयीचा माझा लेख म्हणजे डॉक्टरांनी स्वतःचे दुकान सांभाळण्यासाठी पार्लरवाल्यांच्या नावाने घातलेली भीती आहे, असे आपण लिहिले आहे. तज्ज्ञांच्या हातूनही अपघात होतात, ब्रिटनमध्ये तर ब्युटिशियन हे काम उघडपणे करतात आणि आपल्या बहिणीला पार्लरमध्ये दोनदा फिलर घेऊनही काही झाले नाही, हेही आपण नमूद केले आहे.

तज्ज्ञांच्या हातूनही अपघात होतात, हे मला पूर्ण मान्य आहे. भुवयांच्या मध्ये किंवा नाकाच्या दांड्यावर टोचताना सुई धमनीत शिरणारच नाही, अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. कारण तेथील बारीक धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात आणि दाबाने ढकललेले जेल उलट दिशेने सरकून दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तोडू शकते. फरक पडतो तो त्यानंतर. त्वचा एकाएकी पांढरी पडली, बोटाने दाबून सोडल्यावर रंग लवकर परतला नाही किंवा जाळीसारखे जांभळट डाग उमटले, तर ते ओळखून हायलुरोनिडेज हे फिलर विरघळवणारे औषध तातडीने आणि पुरेशा मात्रेत टोचावे लागते. वेदना होईलच असे नाही, कारण अनेक फिलरमध्ये भूल देणारे लिडोकेन आधीच मिसळलेले असते.

माझ्याकडे एक तरुणी तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा तिच्या नाकपुडीची कड काळपट पडली होती आणि वरच्या ओठावर पुटकुळ्या उठल्या होत्या. पार्लरमधून तिला "सूज आहे, बर्फ लावा" एवढेच सांगण्यात आले होते. रक्तपुरवठाच अडलेला असताना बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. काय टोचले होते, असे विचारल्यावर तिने मोबाइलवर लेबल नसलेल्या सिरिंजचा फोटो दाखवला. हायलुरोनिडेज फक्त हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे फिलर विरघळवते. सिलिकॉन किंवा कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट अशा दुसऱ्या पदार्थांच्या फिलरवर त्याचा उपयोग नाही. तरीही आम्ही ते दिले. जखम भरली, पण नाकपुडीला खाच राहिली.

ब्रिटनचे उदाहरण आपल्या मुद्द्याच्या विरुद्धच जाते. तेथे सरकारने इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेचे तेव्हाचे वैद्यकीय संचालक ब्रूस केओ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१३ मध्येच फिलरवरील नियंत्रणाच्या अभावाबद्दल कडक इशारा दिला होता. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील व्यक्तींना सौंदर्यासाठी फिलर टोचण्यास बंदी आहे आणि २०२२ च्या कायद्याने सरकारला परवाना पद्धत आणण्याचा अधिकार दिला आहे. आपल्याकडे नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

दुकानाविषयी म्हणाल, तर दोन दिवसांचा कोर्स करून सुई हाती घेणाऱ्या वैद्यकीय पदवीधरांचेही मी समर्थन करत नाही.

आपल्या बहिणीला काही झाले नाही, याचा आनंदच आहे. तिसऱ्यांदा जाण्यापूर्वी तिने तेथे फिलरच्या खोक्यावरील नाव आणि बॅच क्रमांक पाहावा, हायलुरोनिडेज जागेवर आहे का आणि वेळ आली तर ते कोण देणार, हे विचारावे. काय उत्तर मिळाले, ते कृपया येथे लिहावे.