ग्रुनेवाल्डच्या त्या फोटोबद्दल थोडं

लातूरच्या आपल्या ग्रुपवर दोन दिवसापासून एक फोटो फिरायलाय, बर्लिनच्या रेल्वे प्लॅटफॉर्मचा, आणि खाली लिहिलंय की इथून एकाच रात्रीत ५० हजार ज्यू लोकांना ऑशविट्झला (नाझींच्या मृत्यूछावणीत) नेलं आन आता बघायला तिकीट लागतं. फोटो खराय पण मजकूर चुकीचा आहे. मी स्वतः तिथं जाऊन आलोय म्हणून लिहायलोय.

फोटोतली जागा म्हणजे बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनचा १७ नंबरचा ट्रॅक. तिकीट वगैरे काही नाही, लोकल गाडीनं उतरायचं आन चालत वर जायचं, बस. एका रात्रीत काही झालं नाही, इथून पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ ला गेली आन मग १९४५ पर्यंत हे चालूच होतं, बर्लिनहून नेलेल्यांचा आकडा ५० हजारांच्या वर आहे पण सगळे इथूनच नाही, शहरातल्या दुसऱ्या स्टेशनांवरूनही. आणि सगळ्या गाड्या ऑशविट्झला नव्हत्या, लोड्झ, रिगा, मिन्स्क, थेरेझिएनश्टाट अशा दुसऱ्या गावांतल्या वस्त्या-छावण्यांतही, कुठं कुठं.

हे सगळं तिथंच लिहिलेलं आहे हो. प्लॅटफॉर्मच्या कडेनं १८६ लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीवर तारीख, किती माणसं, कुठून कुठं. जर्मन रेल्वेनंच १९९८ ला हे स्मारक केलं, कारण गाड्या रेल्वेच्याच होत्या. एका पट्टीवर हजाराच्या वर आकडा, पुढं एकीवर वीस-पंचवीसच, तेवढ्यांना पण सोडलं नाही हे वाचून मी तिथंच खाली बसलो. रुळांमधी आता झाडं उगवलीत, ती मुद्दाम ठेवलीत.

मजकूर काढून फोटो राहू द्या.