टॅबच्या भरवशावर

माऊस वर्षभर चालतो आणि फॉर्मच्या शेवटच्या रात्री मान टाकतो. आमच्याही माऊसने टाकली. पोटातला लाल दिवा पेटलेला, पण पडद्यावरचा बाण जागचा हलेना. शेजारी मावशी कागदांची पिशवी कवटाळून बसलेल्या. नातीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, मुदत रात्री बारापर्यंत, आणि नाशिकच्या इंदिरानगरातली दुकानं केव्हाच बंद झालेली.

"आता रे कसं?"

"मावशी, टॅब आहे ना!"

कॅप्स लॉकच्या डोक्यावर बसलेली ही कळ माऊसपेक्षा वयाने मोठी. माऊस चारचौघांत आला १९६८ साली. टॅब त्याच्या आधीपासून टाइपरायटरवर तक्त्यांचे रकाने सांभाळत होती. दाबली की पुढच्या रकान्यात, शिफ्ट धरून दाबली की मागच्या. एवढंच शास्त्र.

पण सरकारी पानावर ती म्हणजे निमाणीहून नाशिकरोडला निघालेली बस. एकही थांबा सोडत नाही. अक्षर लहान, अक्षर मोठं, मराठी, इंग्रजी, मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, निविदा... रात्री साडेअकराला निविदा कोण भरतंय? तरी बऱ्याच पानांवर पहिल्याच टॅबला 'मुख्य मजकुराकडे जा' अशी एक पट्टी उगवते. माऊसवाल्यांना ती जन्मात दिसत नाही. तिथे एन्टर मारला की मधली सगळी वरात टळते.

एन्टरवरून आठवलं. मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, अंबडच्या कंपनीत अकाउंट्सला होते. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एन्टर दाबला की पुढचा रकाना येतो, त्यामुळे त्यांचं बोट कायम एन्टरवर. "मार की एन्टर, घाबरतो काय!" इथे तो मारला तर अर्धवट फॉर्मच सबमिट व्हायला निघतो. मी काकांना चहा टाकायला पाठवलं.

खरी परीक्षा जिल्ह्याची. यादी उघडून 'एन' दाबला. नागपूर. पुन्हा दाबला, नांदेड. मग नंदुरबार. चौथ्यांदा आपण. वर्णमालेनेही नाशिकला विदर्भ-मराठवाड्यामागे उभं केलंय, हे मी मावशींना सांगितलं नाही. उगाच रात्री विषय वाढला असता. तालुक्यात पुन्हा तेच. पहिल्या 'एन'ला नांदगाव, दुसऱ्याला नाशिक, आणि बोट जरा उतावीळ झालं की निफाड.

"निफाड नको रे, तिथे आपलं कोणी नाही!"

वरच्या बाणाने परत आणलं. ('एनएएस' भरभर टाइप केलं की थेट नाशिक येतं, पण ते मावशींना रुचलं नाही. एकेक गाव बघत जायला त्यांना मजा वाटत होती.)

'वरील माहिती खरी आहे' या चौकोनात खूण करायला स्पेस. तीच स्पेस भलत्या जागी दाबली की पान सर्रकन खाली पळतं. कॅप्चाची वाकडी अक्षरं मावशींनी चष्मा वर-खाली करत वाचली. मग टॅब, 'सबमिट'भोवती बारीक चौकट आली, आणि एन्टर. अर्ज क्रमांक उमटला तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती. काका चहा घेऊन आले आणि म्हणाले, "बघ, शेवटी एन्टरनेच झालं ना?"

मावशींनी पिशवीतून कागदांचा आणखी एक गठ्ठा काढला. सिन्नरच्या बहिणीच्या नातवाचा. त्याला अजून आठ दिवस आहेत म्हणे. तालुक्याला 'एस' दाबला की पहिल्याच फटक्यात सिन्नर. सुखी लोक.