अपडेटनं सेन्सर मारले नाहीत: एका फॉरवर्डचा पंचनामा

सोलापुरातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपपासून कॉलेजच्या ग्रुपपर्यंत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: विंडोजच्या अपडेटनं कॉम्प्युटरचे टेंपरेचर सेन्सर मारले. ज्यांच्या मशिनवर आकडा दिसत नाही किंवा फॅन शून्य दाखवतोय, त्यांचा मदरबोर्ड गेला. हा नवीन मशिन खपवायचा मायक्रोसॉफ्टचा डाव आहे. आपल्याकडच्या उन्हात रीडिंगशिवाय मशिन चालवलं तर प्रोसेसर जळेल. उपाय म्हणून अपडेट काढून टाका, मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्याची राखण करणारी सोय) आणि डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद करा आणि खालच्या लिंकवरचं ‘दुरुस्त’ सॉफ्टवेअर टाका. ते बरोबर २८ डिग्री दाखवतं.

यात खरी गोष्ट एकच. अपडेटच्या आसपास पुष्कळ जणांच्या मशिनवर रीडिंग खरंच गेलं. बाकीचा सगळा मजकूर तिच्या जिवावर उभा केलाय.

‘सेन्सर मेले, मदरबोर्ड गेला.’

प्रोसेसरचं तापमान मोजणारा सेन्सर प्रोसेसरच्या चिपमध्येच असतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तो थेट तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती डिग्री खाली आहोत, एवढंच चिपमधल्या एका छोट्या कप्प्यात, म्हणजे रजिस्टरमध्ये, लिहून ठेवतो. मर्यादा १०० आणि रजिस्टरमधला आकडा ३८ असेल तर सॉफ्टवेअर वजाबाकी करून ६२ दाखवतं. पंख्याचे फेरे आणि व्होल्टेज मोजायला मदरबोर्डवर वेगळी चिप असते, बऱ्याचदा नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची. यातलं काहीच साध्या प्रोग्रामला परस्पर वाचता येत नाही. त्यासाठी विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसणारा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्राम, लागतो. अडवला गेलाय तो हा ड्रायव्हर. मीटर रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला सोसायटीच्या गेटवर थांबवलं म्हणून कुणाच्या घरातली वीज जात नाही.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. मशिन रिस्टार्ट करा, डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा आणि हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडा. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसले तर मदरबोर्ड ठणठणीत आहे, दुकानदार काहीही म्हणो. बायोसमधला आकडा नेहमीपेक्षा थोडा चढा दिसला तर दचकू नका. तिथे प्रोसेसर वीज वाचवण्याच्या खोल स्थितीत जात नाही. लॅपटॉपच्या बायोसमध्ये हे पान बहुधा नसतं, तिथे हा मार्ग बंद.

फॅन शून्य दिसण्याचं म्हणाल तर बरीच ग्राफिक्स कार्डं साधारण ५०-६० डिग्रीपर्यंत पंखा फिरवतच नाहीत. तो शून्य अपडेटच्या आधीही होता, फक्त कुणी बघत नव्हतं.

‘हा मायक्रोसॉफ्टचा डाव आहे.’

इथे जरा मागे जावं लागेल. फुकट मिळणाऱ्या अनेक मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या पोटात वर्षानुवर्षं एकच ड्रायव्हर होता, विनरिंग-झीरो. ओपन हार्डवेअर मॉनिटर, लिब्रे हार्डवेअर मॉनिटर, फॅन कंट्रोल, शिवाय आरजीबी दिवे लावणारी कितीतरी टूल्स त्याच्यावर चालायची. काम चोख करायचा. अडचण एवढीच की काम कोण सांगतंय हे विचारायचा नाही. एकदा तो मशिनमध्ये बसला की कोणताही साधा प्रोग्राम त्याच्यामार्फत मेमरीत कुठेही वाचू-लिहू शकत होता, आणि तिथून संपूर्ण मशिनचा ताबा घेऊ शकत होता. हा दोष २०२० मध्येच सुरक्षा-दोषांच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०२०-१४९७९ या क्रमांकानं जाहीर झाला. चोरून क्रिप्टोकरन्सी खणणाऱ्या टोळ्यांचं काम त्यामुळे सोपं झालं. डिजिटल सही असलेला आयता ड्रायव्हर सोबत आणायचा आणि त्याच्या आडून शिरायचं, ही चाल सुरक्षा क्षेत्रात आता जुनी झालीये.

विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीपासून अशा धोकादायक ड्रायव्हरांची काळी यादी सगळ्या मशिनवर आपोआप लागू झाली. मार्च २०२५ मध्ये डिफेंडरनं विनरिंग-झीरोला धोकादायक ठरवून उचलायला सुरुवात केली आणि जगभर एकदमच लोकांची रीडिंग गायब झाली. म्हणजे दोष जाहीर झाल्यावर जवळपास पाच वर्षांनी. हा डाव असेल तर भलताच सुस्त म्हणायचा.

मायक्रोसॉफ्टवर टीकेला जागा आहे, पण ती वेगळीकडे. २०१६ नंतर कर्नलचा नवा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टची सही असल्याशिवाय चालत नाही, आणि त्या सहीसाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या हौशी माणसाला परवडत नाही. त्यामुळे भोक माहीत असूनही ते बुजवलेला ड्रायव्हर लोकांपर्यंत पोचवणं अवघड झालं. या मुद्द्यावर कुणी फॉरवर्ड काढला तर मी पुढे पाठवीन. आणि लिनक्सवाल्या मित्रांनी फार हसू नये. तिकडेही कर्नल बदलला की बाहेरून बसवलेलं सेन्सरचं मॉड्यूल पुन्हा बांधावं लागतं, तोवर पंखे दिसत नाहीत.

‘उन्हात प्रोसेसर जळेल.’

सोलापूरचा मे महिना कसा असतो ते सोलापूरकराला सांगायला नको. पारा ४२ च्या पुढे, पत्र्याचं छप्पर, त्यात लोडशेडिंग. काळजी वाजवी आहे. फक्त प्रोसेसरला तुमच्या स्क्रीनवरचा आकडा लागत नाही. तापमान मर्यादेजवळ गेलं की तो स्वतःच वेग कमी करतो. तरीही चढत राहिलं तर हार्डवेअर वीज तोडून मशिन बंद करतं. या दोन्हींत मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही, विंडोज अडकून पडलं असलं तरी ती यंत्रणा चालते. पंख्याचा वेगही मुळात बायोस किंवा लॅपटॉपमधली कंट्रोलर चिप ठरवते. अपवाद एक: ज्यांनी फॅन कंट्रोलसारख्या सॉफ्टवेअरमधून पंख्याचा वेग स्वतः बांधून घेतलाय, त्यांनी रीडिंग गेल्यावर बायोसमध्ये जाऊन पंखे ऑटोवर आहेत ना, ते जरूर बघावं.

आपल्याकडे मशिन तापायचं खरं कारण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसतंच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत डिझाइनसाठी किंवा बिलिंगसाठी ठेवलेला एखादा कॅबिनेट उघडून बघा. यंत्रमागांवरून उडणारा तूस पंख्यातून आत ओढला जातो आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर साचतो. वरून पंखा छान फिरताना दिसतो, फेरेही पूर्ण, पण पंखा आणि पात्यांच्या मध्ये राखाडी गादी बसलेली असते. चिमटीत धरून ओढली तर अख्खी सलग निघते. हवा पुढे जायला जागाच नसते. असं मशिन अपडेट न करताही तापतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो उलटा-सुलटा गरगरून बेअरिंग खराब होतं.

‘अपडेट काढून टाका.’

काढून बघा, बहुतेकांचं रीडिंग परत येणार नाही. विंडोजचं महिन्याचं अपडेट अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतं, म्हणजे आपल्याकडे बुधवारी सकाळी मशिन रिस्टार्ट मागतं. ते डोळ्यांसमोर घडतं म्हणून आळ त्याच्यावर येतो. डिफेंडरच्या व्याख्या, म्हणजे काय धोकादायक ते सांगणाऱ्या याद्या, मात्र रोज, गाजावाजा न करता येतात, आणि मार्च २०२५ मध्ये ड्रायव्हर उचलला गेला तो त्या वाटेनं. महिन्याचं अपडेट काढून त्या व्याख्या परत जात नाहीत. फक्त त्या महिन्यात बुजवलेली इतर भोकं पुन्हा उघडी पडतात. विंडोज १० वर परत जा म्हणणाऱ्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला हेही सांगावं.

अपडेटचा खरा दोष असतो असेही प्रसंग आहेत. विंडोज अपडेट कधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतं आणि मग फक्त कार्डाचं रीडिंग जातं, प्रोसेसरचं शाबूत राहतं. तेव्हा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर पुन्हा टाकला की भागतं. तसंही वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचं तापमान विंडोज १० च्या २०२० मधल्या आवृत्तीपासून टास्क मॅनेजरमध्येच दिसतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

‘मेमरी इंटिग्रिटी आणि डिफेंडर बंद करा.’

सगळ्यात घातक ओळ ही. एका आकड्यासाठी घराचं दार सताड उघडं ठेवायला सांगितलंय, आणि तेही ज्या मशिनवर जीएसटी भरला जातो आणि बँकेचं लॉगिन होतं त्या मशिनवर.

त्यापेक्षा विंडोज सिक्युरिटी उघडा आणि प्रोटेक्शन हिस्ट्रीत जा. तिथे विनरिंगचं नाव दिसलं की रोगाचं निदान झालं. मग जुनं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा आणि मशिन रिस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू केलं तर चालत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवला जातो. त्यानंतर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून ताजी आवृत्ती घ्या. लिब्रे हार्डवेअर मॉनिटर आणि फॅन कंट्रोल २०२५ मध्ये पॉनआयओ या ड्रायव्हरकडे वळले. तो वाटेल त्याला वाटेल तिथे हात घालू देत नाही, फक्त सही केलेली ठरावीक मॉड्यूल्स चालवतो. एचडब्ल्यूइन्फो या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा तर स्वतःचा ड्रायव्हर आहे. सॉफ्टवेअर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अंदाज आहे.

‘लिंकवरचं सॉफ्टवेअर बरोबर २८ डिग्री दाखवतं.’

हे वाचून हसू आलं. दुपारी खोलीत ३९ डिग्री असताना प्रोसेसर २८ वर कसा असेल? हवेनं थंड होणारी वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत नाही, आणि चालू मशिन तर नाहीच नाही.

हा २८ येतो कुठून, तेही माहीत आहे. ड्रायव्हर नसला तरी विंडोजकडे तापमान मागायची एक सोपी वाट असते, बायोसनं जाहीर केलेला थर्मल झोन. ही किंमत केल्विनच्या दहाव्या भागात मिळते. पुष्कळ डेस्कटॉप मदरबोर्डांच्या बायोसमध्ये तिथे एक ठोकळेबाज आकडा भरून ठेवलेला असतो, उदाहरणार्थ ३०१०. म्हणजे ३०१ केल्विन, त्यातून २७३.१५ वजा करा, उरतात २७.८५. झाले २८ डिग्री! जानेवारीत २८, मे महिन्यात २८, गेम चालू असताना २८. पडताळायचं असेल तर मोठी फाइल झिप करायला लावा. खरं रीडिंग काही सेकंदांत उडी मारतं, हे जागचं हलत नाही.

आणि त्या ‘दुरुस्त’ फाइलला ॲडमिनची परवानगी लागते, तीसुद्धा डिफेंडर बंद असताना. आत काय आहे ते मी सांगू शकत नाही, पण अशी मागणी करणारी फाइल मी कुणाच्याही मशिनवर टाकणार नाही. ज्यांनी टाकलीये त्यांनी आधी ती काढावी. डिफेंडर चालू करावा आणि त्याच्या एक्सक्लूजनच्या यादीत (तो जे तपासत नाही त्याच्या यादीत) कुठला फोल्डर घुसवलाय का ते बघून तो उडवावा. मग डिव्हाइस सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी चालू करावी. चालू होत नसेल तर अडवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव तिथेच दिसतं, तो काढावा. शेवटी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावावा. त्याला साधारण १५ मिनिटं लागतात आणि मशिन रिस्टार्ट होतं, तेव्हा उघड्या फाइली आधी सेव्ह करा.