त्याच्यासारखे म्हणजे कोणासारखे?

मायच्या कबरीच्या दगडाचं काम द्यायला मागच्या महिन्यात जालन्याला गेलो होतो. काळा ग्रॅनाइट, दोन बाय दीड फूट, अक्षरामागे पैसे, जोडाक्षर एकच धरतात. कागदावर नाव, जन्म, मृत्यू आणि खाली वचन लिहून दिलं. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाचं दुसरं वचन, त्यातले तीनच शब्द : ‘आपण त्याच्यासारखे होऊ’.

मिस्त्रीनं पेन्सिलीनं अक्षरं मोजली आणि थांबला.

“सर, त्याच्यासारखे म्हणजे कोणासारखे?”

“येशू ख्रिस्तासारखे.”

“मंग मेल्यावर तुम्ही देव व्हायलेत का?”

टिंगल नव्हती त्यात. रोज दगडावर लोकांची नावं कोरणारा माणूस, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मागं दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, मी “नाही, तसं नाही” म्हणून निघालो. ते उत्तर तेव्हापासून मला टोचतंय. म्हणून हे सविस्तर लिहितोय, त्याच्यासाठी, आणि आमच्या मंडळीतल्या त्या सगळ्यांसाठी ज्यांनी मायच्या मातीला येऊन मला सांगितलं की आता ती देवदूत झाली.

देवदूत नाही झाली. माणूस मरून देवदूत होतो असं बायबल कुठंही म्हणत नाही. आणि देवही होणार नाही. निर्माण करणारा आणि निर्माण केलेला यांच्यातला फरक स्वर्गातही राहतो. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात ‘दत्तक’ हा शब्द वापरतो, तो आपल्या लोकांना लगेच कळण्यासारखा आहे. दत्तक लेकराला घराचं नाव मिळतं, वाटा मिळतो, बापाच्या ताटात जेवता येतं. पण पोटचा तो पोटचा. ख्रिस्त मूळचा पुत्र आहे, आपण कृपेनं त्या घरात आलेलो. त्याच अध्यायात ख्रिस्ताला पुष्कळ भावंडांतला थोरला म्हटलंय. थोरल्या भावासारखं व्हायचं, बापाची जागा घ्यायची नाही.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस मात्र लिहून गेला की देव माणूस झाला तो माणसांनी देव व्हावं म्हणून. ऑर्थोडॉक्स मंडळी यालाच थिओसिस म्हणतात. आमच्या प्रोटेस्टंट घरांत हे वाक्य ऐकलं की लोक दचकतात. मला त्यात दचकण्यासारखं काही वाटत नाही, कारण जुन्या आचार्यांनी त्याचा अर्थ लोखंड आणि विस्तवाचा दाखला देऊन समजावलाय. लहानपणी दादांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, वखराची पास (लोखंडी पातं) घेऊन लोहाराकडं जायचो. भाता चालला की काळी पास लाल व्हायची, मग पिवळी, बघवायची नाही. विस्तवाचा उजेड तिच्यात, विस्तवाची धग तिच्यात. तरी ती लोखंडच असायची, आणि बाहेर काढून ठेवली की परत काळी. फरक एवढाच, की देवाच्या गौरवातून आपल्याला कुणी बाहेर काढून ठेवणार नाही.

आता शरीराचं. आपल्याकडं ‘आत्मा गेला, कुडी इथंच राहिली’ असं बोलायची सवय आहे, आणि ख्रिस्ती लोकही तेच बोलतात. पण फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की ख्रिस्त आपलं हे दीन शरीर बदलून स्वतःच्या गौरवी शरीरासारखं करील. शरीर टाकून देईल असं नाही लिहिलं. पुनरुत्थित, म्हणजे मरणातून उठलेला येशू काही हवेतला भास नव्हता. लूक सांगतो, त्यानं शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. योहान सांगतो, बंद दारांच्या आत येऊन उभाही राहिला. तेच शरीर, पण मरणाची सत्ता संपलेलं.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल यासाठी पेरणीचा दाखला देतो. मायला मातीत ठेवताना हाच अध्याय वाचला. जालना म्हणजे बियाण्याचं शहर, इथल्या माणसाला हा दाखला फोडून सांगावा लागत नाही. दादांनी उभी हयात चाड्यावर मूठ धरली. त्यांना ठाऊक आहे, तिफणीतून जातो तो नुसता दाणा, आणि वर येतं ते कणसासकट उभं ताट. दिसायला दोन्हींत काही साम्य नाही. तरी शाळूचा दाणा पेरला तर शाळूच येतो. पेरलेलं हरवत नाही आणि जसंच्या तसंही राहत नाही.

इथं मला मायच्या हाताबद्दल बोलायचंय. तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाची दोन पेरं कडबाकुट्टीत गेली होती, मी तेव्हा चौथीत होतो. उरलेल्या बोटांना दरसाल दिवाळीनंतर कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी चिरा पडायच्या. रात्री ती त्यात कोमट खोबरेल सोडायची आणि तोंडानं फुंकर घालायची. प्रभुभोजनाला उजवा हात वर, डावा त्याच्याखाली, म्हणजे भाकर घेताना पाळकाला ते बोट दिसू नये. चाळीस वर्षं तिनं तो हात असा लपवला.

एकदा घरगुती प्रार्थनेला एक प्रचारक आले होते. ते म्हणाले, स्वर्गात सगळ्या खुणा पुसल्या जातील, सगळे एकसारखे होतील, कुणी कुणाचं राहणार नाही. माय काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना मला म्हणाली, “मंग तुही माय कोणती, हे तुला कसं कळावं रे?”

तेव्हा मला उत्तर आलं नाही. आज आहे. माय, ज्याच्यासारखं व्हायचंय त्याच्याच खुणा पुसलेल्या नाहीत. मरणातून उठल्यावर थोमा या शिष्याला त्यानं हात दाखवले, कूस दाखवली. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सिंहासनाच्या मध्यभागी जो कोकरा, म्हणजे ख्रिस्तच, उभा आहे तो वधलेल्यासारखा दिसतो. गौरवाच्या शिखरावरसुद्धा जखमेची खूण आहे, फक्त आता ती दुखत नाही. आणि कबरीपाशी त्याच्या शिष्येनं, मरीया मग्दालियानं त्याला ओळखलं कधी? तिला आधी तो माळी वाटला. त्यानं “मरीये” अशी नावानं हाक मारली तेव्हा ओळखलं. एकसारखे होऊन नावंच हरवणार असती, तर ती हाक कशाला?

संत ऑगस्टिननं ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात नेमकं याच प्रश्नाला हात घातलाय. हुतात्म्यांचे तुटलेले अवयव पुनरुत्थानात परत मिळतील, पण जखमेच्या खुणा राहतील आणि त्या विद्रूप न दिसता मानाच्या दिसतील, असं त्याचं मत. माय काही हुतात्मा नव्हती आणि ऑगस्टिनचा शब्द म्हणजे शास्त्रवचन नव्हे. तरी मला वाटतं की ज्या हातानं पाच लेकरं वाढवली त्या हाताची दोन पेरं परत येतील, आणि कुठून तुटली होती ती रेघही राहील. ती रेघ लपवावी असं मात्र तिला वाटणार नाही.

रंगाबद्दलही बोलतो. आमच्या घरात भिंतीवर कॅलेंडरातला येशू होता, निळे डोळे, सोनेरी केस. धाकटी बहीण लहानपणी त्याच्याकडं बघून विचारायची, स्वर्गात आपण गोरे होणार का? या प्रश्नाच्या मुळाशी काय आहे ते मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. ते स्वतः जन्मानं ब्राह्मण, आणि तिथं राहायला आले ते बहुतेक मांग आणि महार. ज्यांची सावली नको होती, त्यांना तिथं ऐकायला मिळालं की तुम्ही ख्रिस्ताचं प्रतिरूप धारण कराल. त्यांच्याच पतवंडांनी ते प्रतिरूप म्हणजे कातडीचा गोरेपणा समजावं, हे मला सहन होत नाही. येशू गालीलात वाढलेला यहूदी सुतार होता. आपली म्हणच आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. लोक ती वाईट संगतीसाठी वापरतात, मला ती इथं वापरावीशी वाटते. वाण आपापला राहो, गुण त्याचा लागू दे.

आणि गुण इथंच लागायला सुरुवात होते. योहानाचं पुढचंच वचन आहे, ज्याला ही आशा आहे तो स्वतःला शुद्ध करतो. माझ्या चुलत्यानं आमचा बांध कोरला होता, नांगराच्या दोन तासांइतकी जमीन घेतली, वर तंटा केला. त्याला अर्धांगवायू झाला तेव्हा माय सहा महिने रोज दुपारी त्याच बांधावरून भाकर आणि पातळ वरण घेऊन जायची, आणि भरवून यायची. मी चिडायचो. आज मला वाटतं, त्या दुपारी मी जे बघत होतो तो लोखंड लाल व्हायला लागल्याचा पहिला रंग होता.

दगडाच्या मजकुरावरून घरात थोडं वाजलंच. थोरल्या भावाचं म्हणणं, ‘ती त्याच्यासारखी झाली’ असं कोरा. त्याचं दुःख मला कळतं. पण वचनात ‘तो प्रकट होईल तेव्हा’ आहे. माय आज ख्रिस्ताजवळ आहे असा माझा विश्वास आहे, पण तिचं शरीर अजून पेरलेलंच आहे, आणि ती एकटीच पुढं जाऊन पूर्ण होणार नाही. वचन अनेकवचनात आहे. का होऊ, तेही तिथंच सांगितलंय : कारण जसा तो आहे तसा तो आपल्याला दिसेल. बघण्यानंच बदल होणार. आत्ता आपण त्याला ऐकून, वाचून, अंदाजानं ओळखतो.

परवा दगड बसवला. मिस्त्री स्वतः आला होता. मी त्याला हे सगळं सांगितलं, लोहाराच्या पासेपासून. त्यानं ‘होऊ’वरची धूळ फडक्यानं पुसली आणि मायच्या बोटाचं परत विचारलं, कोणत्या हाताचं म्हणून. दादा तोवर कबरीशेजारी उकिडवे बसले होते. ते त्याला म्हणाले, “वर माझ्या नावापुरती जागा ठिवली ना? वचन नको दुसरं. एकात दोघांचं भागतंय.”