पत्ता सांगण्याचा आकार

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळावर वाचनालयाच्या वेळा, नव्याने दाखल झालेल्या पुस्तकांची यादी, वार्षिक सभेची सूचना आणि इमारतीचा एक जुना फोटो एवढाच ऐवज आहे. तो पाहायला दिवसाकाठी पंधरावीस माणसे येत असावीत आणि त्यांतली निम्मी आज वाचनालय उघडे आहे की बंद, एवढे पाहून निघून जातात. या संकेतस्थळाचे नाव सांभाळण्याचे काम ज्या कंपनीकडे आहे, तिने गेल्या वर्षी एक अत्यंत प्रेमळ पत्र पाठवले. ग्राहकांच्या हिताचा विचार करून ठरावीक वार्षिक शुल्क बंद करण्यात येत असून यापुढे ‘जितका वापर, तितकेच पैसे’ ही न्याय्य पद्धत लागू होईल, असे त्यात म्हटले होते. ज्या पत्राच्या पहिल्याच ओळीत ग्राहकाचे हित येते, ते पत्र वेळ न दवडता खजिनदारांच्या हाती द्यावे, असे माझे मत आहे.

संस्थेत ज्या ज्या वस्तूला वीज आणि पडदा असतो, ती आपोआप माझ्या खात्यात जमा होते. त्यामुळे कार्यकारी मंडळाला हे पत्र समजावून सांगण्याचे कामही माझ्याकडेच आले. मी सांगितले की, संगणक एकमेकांना नावांनी नव्हे, तर आकड्यांनी ओळखतात. माणसाच्या लक्षात आकडे राहत नाहीत म्हणून नावे ठेवावी लागतात. आणि कोणत्या नावाचा कोणता आकडा, हे विचारणाऱ्याला सांगायला कोणीतरी चोवीस तास जागे बसावे लागते. या जागरणाला डीएनएस म्हणतात. बसस्थानकासमोरच्या पानवाल्याला लोक वाचनालयाचा रस्ता विचारतात, तो मानेनेच दिशा दाखवतो आणि आपण त्याला वर्षाकाठी एक कॅलेंडर देतो. आता त्याने दर वेळी मान हलवल्याचे पैसे मागितले आहेत, असे समजा.

“रस्ता विचारून माणूस इकडे आलाच नाही तर?” अध्यक्षांनी विचारले. ते निवृत्त मुख्याध्यापक असल्याने त्यांना सगळे सर म्हणतात.

“तरी पैसे पडतात, सर.”

“आणि एकाच माणसाने दिवसातून दहा वेळा विचारले तर?”

“दहा वेळचे पडतात.”

“मग पानवाला बदला,” असे म्हणून सरांनी पुढचा विषय घ्यायला सांगितले आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या कार्यवाहांनी, पुढेमागे कोणी वाचेल याचा काहीही विचार न करता, पानवाला बदलण्याबाबत चौकशी करावी, असे लिहून टाकले.

ग्रंथपाल बाईंना मात्र या विषयाची गोडी लागली. त्यांना मी सांगितले की, १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही नावांची व्यवस्था आखण्यापूर्वी साऱ्या जाळ्याची नावे आणि आकडे एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची मंडळी सांभाळत. नवे नाव घालायचे असेल तर कार्यालयाच्या वेळेत त्यांना कळवायचे, आणि मग इतरांनी ती यादी उतरवून घ्यायची. “बाईच्या हातात नोंदवही होती तोवर बिल येत नव्हते, हे लक्षात घ्या,” एवढेच बोलून बाई दाखलअंक घालायला निघून गेल्या. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

आता किती पैसे पडतील हे ठरवायचे होते. त्यासाठी कंपनीने आपल्या संकेतस्थळावर एक सोय करून ठेवली होती. तिथे एक ठिपका डावीकडून उजवीकडे सरकवायचा आणि आपल्याला महिन्याला किती प्रश्न येतात ते दाखवायचे, की खाली रक्कम दिसते. अडचण एवढीच होती की, आम्हाला किती प्रश्न येतात हे फक्त कंपनीला ठाऊक होते आणि ठरावीक शुल्क असेपर्यंत तिने तो आकडा आम्हाला कधी दाखवला नव्हता. ठिपका अगदी डावीकडे ठेवला तर रक्कम पूर्वीच्या शुल्काच्या निम्म्यावर येई. अगदी उजवीकडे नेला तर त्या रकमेत वाचनालयाला नवे छप्पर घालता आले असते. ग्राहकसेवेला विचारले तेव्हा, ‘आम्ही आपली काळजी समजू शकतो, कृपया आपल्या अंदाजानुसार ठिपका सरकवावा,’ असे उत्तर आले.

खरे सांगायचे तर दर काही भयंकर नव्हते. या व्यवसायात प्रश्नांवर पैसे घेण्याची पद्धत नवीही नाही. ॲमेझॉनची रूट ५३ ही सेवा २०१० पासून याच हिशेबाने चालते. तिचा जाहीर दर पहिल्या टप्प्यात दहा लाख प्रश्नांमागे ४० सेंट आणि शिवाय प्रत्येक नावामागे महिन्याला ५० सेंट असा आहे. आमच्या कंपनीचा दर याहून बराच चढा होता, तरी तो ऐकून कोणी छातीवर हात ठेवावा असा नव्हता. पण खजिनदार अण्णांनी ‘दहा लाख’ हे शब्द ऐकताच चष्मा काढला. “आपले सभासद सातशे,” ते म्हणाले, “आणि त्यातले दोनशे थकबाकीदार. दहा लाख प्रश्न विचारणार कोण?”

पहिल्या महिन्याचे देयक आले तेव्हा त्यावर प्रश्नांची संख्या चार लाखांहून अधिक होती. आमच्या गावची लोकसंख्या, तान्ह्या मुलांसह आणि मुंबईला गेलेल्यांना धरूनही, याच्या आसपास जात नाही. शिवाय देयकावर एकाऐवजी दोन नावे होती. त्यातले दुसरे ‘एक्सएन’ या अक्षरांनी सुरू होऊन, दोन आडव्या रेघा मारून, पुढे निव्वळ खरडलेल्या रोमन अक्षरांत संपत होते. हा कोण परका इसम संस्थेच्या खर्चाने राहतो आहे, असे अण्णांनी विचारले. तो इसम म्हणजे आपलेच मराठी नाव होते. देवनागरीतले ‘.भारत’ २०१४ मध्ये सुरू झाल्यावर, वाचनालयाचे नाव मायबोलीतही असलेच पाहिजे असा आग्रह सरांनी धरला होता. आणि डीएनएसला देवनागरी वाचता येत नसल्याने त्या नावाला दर वेळी असा वेष पालटून जावे लागते. भाषाभिमानाचा मासिक आकार वेगळा लागतो हे कळल्यावर सर थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, पण नाव काढून टाका, असे मात्र म्हणाले नाहीत.

एवढे प्रश्न विचारतो कोण, याचा मी शोध घेतला आणि माणसे त्यात फारच थोडी निघाली. आपल्या सभासदाने मोबाइलवर वाचनालयाचे नाव टाकले की, मोबाइल एकच प्रश्न विचारून गप्प बसत नाही. जुन्या पद्धतीचा आकडा काय, असे तो विचारतो. त्याच दमात नव्या पद्धतीचा आकडा काय, असे विचारतो. आणि २०२० नंतरचा आयफोन असेल तर, जोडणी कशी करावी याबद्दल आपल्या काही सूचना आहेत काय, हे तिसरेही विचारून घेतो. आमच्याकडे नव्या पद्धतीचा आकडाही नाही आणि सूचनाही नाहीत. तेव्हा तीनपैकी दोन प्रश्नांना ‘नाही’ हे उत्तर जाते, आणि नकारालाही होकाराइतकेच पैसे पडतात.

त्याहून मोठा वाटा होता तो रात्रंदिवस दारे ठोठावत हिंडणाऱ्या यंत्रांचा. कोणत्याही संकेतस्थळाला सुरक्षेचे प्रमाणपत्र मिळाले की त्याची नोंद साऱ्या जगाला खुल्या असलेल्या वहीत होते. २०१८ पासून तर क्रोमने नव्या प्रमाणपत्रांसाठी ही नोंद सक्तीचीच केली आहे. ही वही आमच्या सभासदांपैकी कोणी उघडत नाही, पण ती यंत्रे उघडतात आणि मग वाचनालयाच्या नावापुढे सुचतील ते शब्द जोडून विचारत सुटतात: वाचनालयाचे ‘ॲडमिन’ आहे का? ‘टेस्ट’ आहे का? ‘व्हीपीएन’ आहे का? ‘पेमेंट’ आहे का? आमच्याकडे यातले काहीच नाही. आमच्याकडे कथासंग्रह आणि चरित्रे आहेत. पण ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हे सांगण्याचेही पैसे पडतात, आणि नसलेल्या वस्तू असलेल्या वस्तूंपेक्षा नेहमीच जास्त असतात.

सर्वांत जिव्हारी लागला तो ईमेलच्या टपालाचा प्रकार. परमुलखातला कोणी भामटा आमच्या वाचनालयाच्या नावाने हजारो लोकांना लॉटरी लागल्याची पत्रे पाठवत होता. असे पत्र ज्या ज्या सर्व्हरकडे जाते, तो सर्व्हर शहाणपणाने आमच्याकडे चौकशी करतो की, आपल्या नावाने पत्रे पाठवण्याची परवानगी आपण कोणाकोणाला दिली आहे. आमचे उत्तर जाते, पत्र खोटे ठरते, भामट्याचा डाव फसतो आणि चौकशीचा आकार आम्हाला लागतो. अण्णांनी हे तीनदा समजावून घेतले. “म्हणजे चोराने आपल्या नावाने चोरी करायची, पोलिसांनी आपल्याला विचारायचे, आपण नाही म्हणायचे आणि पोलिसांच्या रिक्षाचे भाडे आपण भरायचे,” असा त्यांनी त्याचा गोषवारा केला. त्यात मला एका शब्दाचाही फरक सुचवता आला नाही.

वस्तुतः रक्कम लहान होती. ती सातआठ मासिकांच्या वर्गणीत बसली असती. पण मंडळाला भीती रकमेची नव्हतीच. या रकमेला वरचे टोक नाही, याची होती. दुकानदार जास्त माल देऊन जास्त पैसे मागतो तेव्हा आपण नको म्हणू शकतो. इथे मागणारा तिसराच, देणारा दुसराच, आणि नको म्हणण्याची सोय ज्याला नाही तो पैसे भरणारा. उद्या कोणी खोडी म्हणून मुद्दाम कोट्यवधी प्रश्न पाठवले तर काय, असे मी कंपनीला विचारले. हा काही निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हता. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये डाइन नावाच्या अमेरिकेतल्या डीएनएस कंपनीवर, घरोघरचे कॅमेरे आणि राउटर फितवून, असाच मारा झाला होता आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे कित्येक तास लोकांना सापडत नव्हती. कंपनीने उत्तर दिले की, काळजीचे कारण नाही. ग्राहकाला खर्चाची मर्यादा घालून घेता येते.

मर्यादा घालण्याचा अर्थ पुढे बारीक अक्षरांत होता. मर्यादा गाठली की कंपनी उत्तरे देणे थांबवते. उत्तरे थांबली की संकेतस्थळ दिसत नाही आणि त्याच नावावर चालणारे संस्थेचे ईमेलही पोहोचत नाही. मर्यादा संपत आल्याची सूचना ग्राहकाला वेळेत पाठवली जाईल, असे आश्वासन होते. ती सूचना जाणार होती संस्थेच्या ईमेल पत्त्यावर.

तेव्हा काटकसरीचा एकच मार्ग उरला, तो टीटीएलचा. दिलेले उत्तर समोरच्याने किती वेळ लक्षात ठेवावे, हे सेकंदांत सांगण्याची सोय या व्यवस्थेत मुळापासून आहे. कंपनीने आमच्या उत्तरांना ३०० सेकंदांची, म्हणजे पाच मिनिटांची स्मरणशक्ती दिली होती. पाच मिनिटे झाली की इंटरनेट पुरवणारे सारे पुन्हा पहिल्यापासून विचारणार. मी ती ८६,४०० सेकंद केली, म्हणजे पूर्ण एक दिवस. याचा तोटा असा की, संकेतस्थळ दुसऱ्या सर्व्हरवर हलवले तर काही लोक दिवसभर जुन्याच जागी जात राहतील, हे मी मंडळाला प्रामाणिकपणे सांगितले. संस्था आपली जागा बदलणाऱ्यांपैकी नाही, असे सरांनी ठणकावले. पुढच्या देयकात सभासदांचे प्रश्न खरोखरच कमी झाले. यंत्रांचे मात्र झाले नाहीत, कारण ती दर वेळी नवे नाव विचारतात आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणाच्याच लक्षात नसते.

पैसे भरणे हा निराळाच अध्याय होता. संस्थेचे खाते सहकारी बँकेत, देयक डॉलरमध्ये. म्हणून कार्ड माझे. दर महिन्याला रक्कम निराळी, डॉलरचा भाव निराळा, त्यावर चलन बदलण्याचे शुल्क आणि वर १८ टक्के जीएसटी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी मला सूचना येई. ती मी अण्णांना पाठवी. अण्णा त्यावर ‘गेल्या महिन्यापेक्षा नऊ रुपये जास्त का?’ असे लिहून परत पाठवीत. आणि त्या नऊ रुपयांचा छडा लागेपर्यंत पुढची सूचना येई. हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावा, यावरही चर्चा झाली. ग्रंथखरेदी नाही, वेतन नाही. दर महिन्याला येते म्हणून नियतकालिकांत घालावे, अशी एक सूचना आली. शेवटी तो सादिलवार खर्चात गेला. परंतु लेखापरीक्षकांनी ‘चार लाख प्रश्न कोणी विचारले, त्यांची नोंदवही सादर करावी,’ असा शेरा मारला.

ग्राहकांच्या तक्रारी सगळीकडूनच गेल्या असाव्यात, कारण यंदा कंपनीचे पुन्हा एक प्रेमळ पत्र आले. ग्राहकांच्या भावनांचा आदर राखून एक नवी योजना आणली आहे, तीत वर्षाला एकच ठरावीक रक्कम भरायची आणि वर्षाला एक कोटी प्रश्नांपर्यंत निर्धास्त राहायचे, असे त्यात होते. ही ठरावीक रक्कम मूळच्या ठरावीक शुल्काच्या तिपटीहून थोडी अधिक आहे आणि मोजून दिलेल्या गेल्या वर्षीच्या बिलांच्या एकूण बेरजेपेक्षाही जास्त आहे, हे मी कागदावर मांडून दाखवले. मंडळाने तो कागद पाहिला, रकमेचा आकडा बारा महिने हलणार नाही याची खातरजमा करून घेतली आणि ठराव एकमताने मंजूर केला. सरांनी कंपनीच्या समजूतदारपणाबद्दल आभाराचे पत्र पाठवायला सांगितले. अण्णांनी त्या पत्रात एक शंका घालायला लावली असून तिचे उत्तर अद्याप यायचे आहे: आपण काही वर्षाला एक कोटी प्रश्न संपवू शकत नाही, तेव्हा उरलेले प्रश्न पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा होतील, की संस्थेला रोखीने परत मिळतील?