फेरी मारणारा वैमानिक

खराब हवेत विमान उतरवण्यावरचा तुमचा लेख वाचला. त्यात १४ सप्टेंबर २०२३ चा मुंबईचा अपघात आलाय. विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट ४५ हे छोटं खासगी विमान मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीबाहेर गेलं. दृश्यमानता अवघी ७०० मीटर. आतले आठहीजण वाचले, म्हणून आपण सगळे ती बातमी चार दिवसांत विसरलो.

मी सिंधुदुर्गातल्या परुळ्याचा. चिपीचा विमानतळ आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विमानं उतरतायत. आषाढ-श्रावणात समुद्रावरून सर कशी येते ते इथल्या माणसालाच कळेल. आत्ता लख्ख ऊन, आणि अंगणातले कपडे काढेपर्यंत समोरचा माड दिसेनासा होतो. वैमानिकाला ठरावीक उंचीवर येईपर्यंत धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर खाली न येता पुन्हा वर जायचं, असा नियम आहे. त्यात कमीपणा काही नाही. पण आमच्याकडे विमानाने एक फेरी जास्त मारली की लोक म्हणतात, "ह्याला जमलं नाही!" फार राग येतो मला. जमलं नाही कसं? त्याने माणसं वाचवली.

खासगी विमानात तर मालकच मागे बसलेला असतो, त्याला सभा किंवा लग्न गाठायचं असतं. तिथे "नाही उतरत, गोव्याला नेतो" म्हणणं किती कठीण असेल! लेखकाने या दबावावर दोनच ओळी लिहिल्यात. यावर सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.